शिजत्या कणीचा वास

मरोळच्या गावठाणात, क्रुसाच्या मागच्या गल्लीत रोझमेरी परेरा राहते. वय सदुसष्ट. चर्चच्या शाळेच्या ऑफिसात तिने तीस वर्षं काम केलं. तिचा नवरा ऑस्टिन ठाण्याच्या पुढे एका बियरच्या कारखान्यात होता, मोठाल्या भांड्यांत धान्य उकळतात त्या विभागात. सव्वीस वर्षं तो कंपनीच्या बसने गेला आणि आला. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी, २०१९ साली, जेवता जेवता त्याच्या छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

रोझमेरी बियर पीत नाही. लग्नाकार्यात घरची वाइन अर्धा ग्लास घेईल, तेवढंच. तरी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जिथे जिथे बियर गाळतात आणि लोकांना आत फिरवून दाखवतात, त्यातली एकही जागा तिने सोडलेली नाही.

त्याची सुरुवात जावयाच्या वाढदिवसाला झाली. तिची एकुलती एक मुलगी आयव्ही बोरिवलीला राहते आणि मालाडच्या एका ऑफिसात काम करते. त्या रविवारी दुपारी तिने सगळ्यांना अंधेरीतल्या एका नव्या हॉटेलात जेवायला नेलं. काचेच्या भिंतीमागे पितळी टाक्या, तिथेच बियर बनते म्हणे. रोझमेरी हात धुवायला उठली. वाटेत एक लोखंडी दार अर्धवट उघडं होतं, आणि आतून उबदार, ओलसर असा वास आला. जव उकडल्याचा, त्यात थोडासा भाकरी भाजल्याचा.

ती जागच्या जागी थांबली. एका वेटरने दार लावून घेतलं आणि वॉशरूम डावीकडे आहे म्हणून सांगितलं. ती परत टेबलावर येऊन बसली. पुढ्यातली मच्छी तशीच राहिली. आयव्हीने विचारलं तेव्हा ऊन लागलं असेल, म्हणाली.

ऑस्टिन घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला, केसांना, अगदी डब्याच्या पिशवीलासुद्धा तो वास असायचा. तो गेल्यावर तिने त्याचे सगळे कपडे, कामावरचे जुने शर्टसुद्धा, दोन-दोनदा धुतले, इस्त्री केली आणि चर्चच्या देणगीच्या पेटीत दिले. नंतर केव्हातरी कपाट उघडलं तेव्हा आत फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

महिनाभराने ती एकटीच त्या हॉटेलात गेली. दर शनिवारी दुपारी टूर असते असं कळलं. तिने नाव नोंदवलं. टूरवर बाकी सगळी पंचविशी-तिशीतली मुलं-मुली. एका तरुणाने जव दाखवले, मोड आणून वाळवलेलं धान्य चाखायला दिलं, कडवटपणासाठी घालतात त्या फुलांच्या हिरव्या गोळ्या हातावर चोळायला दिल्या. रोझमेरीने प्रत्येक गोष्ट नाकाशी नेली. शेवटी लाकडी फळीवर पाच छोटे ग्लास आले. ते तिने शेजारच्या मुलाला देऊन टाकले. तो भलताच खूश झाला.

पण टाक्या बंद होत्या, थंडगार. वास नव्हता.

मग ती दुसरीकडे गेली. मालाड, चेंबूर, मुलुंडची एक नवीन जागा. आयव्हीचा फोन आला तर सांगायची, चर्चच्या बायकांची मीटिंग आहे. एकदा मैदानात भरलेल्या बियर फेस्टिव्हललाही जाऊन आली. तिथे तंबूंच्या रांगा, हातावर शिक्के, तळलेलं चिकन आणि बँडचा दणदणाट. बियर सगळी पिंपांत तयार होऊन आलेली. तिथे काही उकळत नव्हतं. ती अर्ध्या तासात रिक्षा पकडून परत आली.

चोरी उघडकीला आली ती एका फोटोमुळे. कुठल्याशा ब्रूअरीने आपल्या पेजवर टूरचा फोटो टाकला. दाढीवाल्या पोरांच्या घोळक्यात मधोमध रोझमेरी, पर्स पोटाशी धरून. आयव्हीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तिला तो दाखवला. संध्याकाळी आयव्ही थेट मरोळला आली. गावठाणात लोक काय म्हणतील, या वयात एकटी पबमध्ये कशाला, प्यायला लागली आहेस का, असं सगळं तिने विचारलं. रोझमेरीने फक्त नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. तिला ते मुलीला सांगता येईना. आयव्ही रागावून गेली आणि पुढचे कित्येक दिवस त्यांचं फोनवर कामापुरतंच बोलणं झालं.

अंधेरीतच, जुन्या कारखान्यांच्या एका गाळ्यात इरावती नावाची मुलगी बियर बनवायची. तिशीची असेल, केस बारीक कापलेले, हातावर भाजल्याचे डाग. तिथली शनिवारची टूर ती स्वतःच घ्यायची. रोझमेरी तिसऱ्यांदा आली तेव्हा टूर संपल्यावर इरावतीने तिला बाजूला बसवलं.

"आंटी, तुम्ही तीनदा आलात. पीत तर काहीच नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं. रोझमेरीने ऑस्टिनबद्दल सांगितलं, कारखान्याबद्दल, शर्टाबद्दल. इरावतीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, शनिवारी, टूरच्या दिवशी, कोणीच काही उकळत नाही, पाहुण्यांना वाफेचा त्रास होतो. आम्ही मंगळवारी सकाळी सातला धान्य घालतो. तुम्ही या.

मंगळवारी रोझमेरी पावणेसातलाच हजर. इरावतीने तिला आपले जास्तीचे गमबूट दिले, दोन नंबरने मोठे. गरम पाण्यात भरडलेलं धान्य पडलं, वाफ वर आली. रोझमेरी भांड्याजवळ उभी राहिली. डोळे मिटले.

मग म्हणाली, "जवळचा आहे. पण तो नाही. ऑस्टिनच्या जागी त्याचा भाऊ घरात आल्यासारखं वाटतंय."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. इरावतीला ते कामाचं बोलणं वाटलं. तो काय काय घालायचा, काही सांगायचा का, असं ती खोदून विचारू लागली. रोझमेरीला काही आठवेना. घरी ऑस्टिन कामाचं बोलायचाच कमी. मग एकदम एक गोष्ट आठवली. एकदा तिच्या हातून भात करपला होता, तेव्हा तो म्हणाला होता की आम्ही रोज टनावारी कणी शिजवतो आणि भांड्याला चिकटू देत नाही, तू अर्धा किलोचा भात लावतेस तो करपवतेस.

"कणी," इरावती म्हणाली. "तांदळाची कणी. अर्थातच."

तिने समजावून सांगितलं. मोठ्या कारखान्यात बियर हलकी व्हावी म्हणून जवाबरोबर तांदूळ घालतात. कणी वेगळ्या भांड्यात पार गळेपर्यंत शिजवतात आणि मग एकत्र करतात. लहान ब्रूअरीवाले त्याला नाकं मुरडतात, भेसळ म्हणतात. तिचा स्वतःचाही तोच हेका होता. पण डोक्यात विचार शिरला तो शिरलाच. उन्हाळ्यासाठी एक साधी, हलकी बियर काढू, असं म्हणून तिने मालकाला पटवलं. त्यात दोन महिने गेले. दरम्यान रोझमेरी अधूनमधून मंगळवारी यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची, आणि भाऊ तर भाऊ, म्हणून तोच वास घ्यायची.

जानेवारीतल्या एका मंगळवारी कणी शिजली. आधी नुसता पेजेचा वास आला. मग ती जवाच्या भांड्यात ओतली, ढवळली, आणि सगळं मिळून तापायला लागलं. इरावती थर्मामीटरकडे बघत होती. मागे वळली तेव्हा रोझमेरी स्टुलावरून उठून भांड्याजवळ आली होती. तिने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता.

"हाच," ती म्हणाली.

पंपाचा आवाज तेवढा चालू होता. रोझमेरी बोलायला लागली, भांड्याकडेच बघत.

"तो कामावरून आला की मी त्याला दारातच अडवायचे. हातात टॉवेल द्यायचे. मागच्या नळावर आंघोळ कर आणि मग घरात ये. मला वाटायचं हा दारूचा वास आहे. माझा बाप दारूने गेला, मला तो वास घरात नको होता. थंडी असो, ताप असो, सव्वीस वर्षं तो आधी मागे गेला. एकदासुद्धा बोलला नाही की अगं, ही दारू नव्हे, धान्य आहे."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आंटी."

"विचारलं असतं तर कळलं असतं ना."

इरावतीने दुसरं स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. तासाभराने उकळी आली, कडू गोळ्या पडल्या, आणि वास बदलला. रोझमेरीने गमबूट काढून जागेवर ठेवले, आभार मानले आणि घरी गेली. त्या रात्री तिने आयव्हीला फोन केला आणि सगळं सांगितलं, टॉवेलसकट. आयव्ही म्हणाली, पुढच्या वेळी मीपण येते.

बियर थंड टाकीत मुरायला सहा आठवडे गेले. मार्चमध्ये मालाडला फेस्टिव्हल होता, तिथे इरावतीने ती पहिल्यांदा विकायला ठेवायचं ठरवलं. तिला बियरला ऑस्टिनचं नाव द्यायचं होतं. रोझमेरीने साफ नकार दिला. म्हणाली, एका पाळीला चाळीस माणसं असायची, तो एकटा थोडाच बनवायचा. आणि त्याला स्टॉलच्या फळ्यावर नाव लिहिलेलं आवडलं नसतं. शेवटी फळ्यावर नुसतं "तांदळाची लागर" लिहिलं गेलं; अशा थंड मुरवलेल्या हलक्या बियरला लागर म्हणतात.

मायलेकी दुपारी चारला पोहोचल्या. गर्दी अजून वाढायची होती. इरावतीने दोन ग्लास भरून दिले आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. दोघी तंबूच्या सावलीत एका बाकावर बसल्या. रोझमेरीने ग्लास नाकाशी नेला. थंड होता, कसलाच वास नव्हता. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पप्पांच्या बियरसारखी आहे का?" आयव्हीने विचारलं.

"मला काय माहीत," रोझमेरी म्हणाली. "मी त्याची कधी प्यायलेच नाही."

कंपनीकडून दर महिन्याला बाटल्या मिळायच्या. त्या ऑस्टिन परस्पर शेजाऱ्यांना वाटून यायचा. घरात कधी आणल्या नाहीत.

आयव्हीने आपल्या ग्लासातून दोन घोट घेतले, जिभेवर घोळवले. "ही जरा जास्त कडू आहे. पप्पांची साधी होती. शेवटी किंचित गोड लागायची."

रोझमेरीने तिच्याकडे पाहिलं. "तुला कसं ठाऊक?"

मग आयव्हीने सांगितलं. ती बी.कॉम. पास झाली त्या दिवशी मम्मी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेली होती. पप्पा घामाघूम होऊन आले आणि पहिल्यांदाच पिशवीतून एक बाटली काढली. दोघं गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीला टेकून बसले. एकच बाटली, दोन स्टीलचे पेले. मम्मीला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. तिने शब्द पाळला होता, आजपर्यंत.

"आंघोळ न करताच बसला होता?" रोझमेरीने विचारलं.

"हो. तसाच."

"काय बोलत होता?"

"खूप बोलत होते. भांडी केवढी मोठी असतात, वाफेत माणूस दिसत नाही, पहिल्या दिवशी किती घाबरले होते. सगळं."

बँडवाले तारा जुळवत होते. रोझमेरीने ग्लास बाजूला ठेवला आणि बाकावर मुलीकडे सरकून बसली.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "दारातून आला तिथपासून."