सिसलीच्या वाट्याचे शब्द

एमटच्या डाव्या बाहीवर पिवळ्या कापडाची एक मोळी शिवलेली होती. तळहाताएवढी, लाकडांची मोळी. बिशपच्या न्यायसभेनं ती शिवायला लावली होती आणि मरेपर्यंत ती काढायची नव्हती. चितेवर जाळायचं राहिलंय, हे तिनंही विसरू नये आणि गावानंही. थंडीत वरून शाल घेतली तर शालीवरही तशीच मोळी हवी. एमटचं शिवण नीटनेटकं होतं. जरा टाका उसवला की ती लगेच घालून घ्यायची.

झऱ्यावर गिरणीवाल्याची बायको हटकून म्हणायची, "एमटबाई, सरपण फार ओलं आलंय हो यंदा. तुमच्या बाहीवरची मोळी द्या की उसनी!"

बायका हसायच्या. कधी कधी एमटही हसायची. निदान कुणीतरी बोललं तरी.

बाकी तिच्याशी बोलायला कोण येणार? नवरा लाकडी वाडगे कातायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. लोकर पोचवणारा माणूस गाठोडं उंबऱ्यावर टाकायचा, कातलेलं सूत उचलायचा आणि घोड्याशी बोलत निघून जायचा. दिवसभर एमट आणि तिची सूत कातायची चाती. संध्याकाळी वाटाण्याची पेज.

एके काळी याच घरात समोरच्या बाकावर तिची मैत्रीण सिसली बसायची. दोघी मिळून लोकर पिंजायच्या. सिसलीचा भाऊ विणकर होता. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, लॅटिनमध्ये न ठेवता आपल्या इंग्रजी बोलीत लोकांच्या कानावर जावं, असं मानणाऱ्यांपैकी तो एक. चर्चच्या लेखी हा गुन्हा होता. तो एकेक ओळ म्हणायचा आणि या दोघी त्याच्या मागून म्हणायच्या. वाचता दोघींनाही येत नव्हतं.

"एवढं सगळं माझ्या डोक्यात नाही मावायचं," एमट म्हणाली होती.

"मग अर्धं माझ्यात ठेव," सिसली म्हणाली. "माझं डोकं रिकामंच आहे. नवरा रोज सांगतो."

तसंच ठरलं. एक तुकडा एमटचा, पुढचा सिसलीचा, पुन्हा एमटचा. सिसलीचा शेवटचा शब्द कानावर पडला की एमटला आपला पहिला आठवायचा. अडखळायचं कारणच नव्हतं. वाटणीत एक खोट आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग सिसलीच्या लेकीचं बाळंतपण अडलं. जमलेल्या बायका ख्रिस्ताच्या पवित्र मातेचा धावा कर म्हणून ओरडत होत्या. सिसलीच्या तोंडून निघून गेलं, "तिला कशाला? देवालाच हाक मार, पोरी." विणकर भावाच्या मताच्या माणसांना हे इतकं साधं वाटायचं, की परक्यांसमोर बोलू नये हेही सुचलं नाही. पोर सुखरूप सुटली, पण सुईणीनं ते वाक्य फादरच्या कानावर घातलं. सिसलीला नेलं. चार दिवसांनी एमटला नेलं. तिचं नाव सिसलीनंच सांगितलं होतं.

दोघींनी गुडघे टेकून चूक कबूल केली. पुन्हा शास्त्र बोलायचं नाही, एकमेकींशी बोलायचं नाही, एकमेकींचा उंबरा चढायचा नाही. मोडलं तर आग. ही शिक्षा एमटनं मुकाट्यानं सोसली. पण सिसलीनं आपलं नाव घेतलं, हे मात्र तिच्या मनातून जाईना. त्याहून वाईट म्हणजे आपल्या वाट्याचे तुकडे तिला आठवेनासे झाले. चाती फिरवताना ती मनात सुरुवात करायची, आपला तुकडा संपवायची आणि थांबायची. पुढची हाक यायची नाही, मग त्यापुढचं तिचं स्वतःचंही उमटायचं नाही. एकेक तुकडा असा बुडत चालला होता.

दर जूनमध्ये ख्रिस्तदेहाच्या सणाला शिक्षा झालेल्यांनी मिरवणुकीच्या शेवटी चालायचं असे. पाय अनवाणी, खांद्यावर लाकडांची खरी मोळी, हातात मेणबत्ती. पूर्वी पाचजण असायचे आणि या दोघींना मुद्दाम दोन टोकांना ठेवलं जायचं. मग एका वर्षी दोघीच उरल्या. सिसली पुढे, एमट मागे.

सिसली वाळून गेली होती. खोकताना मोळी तिच्या खांद्यावर हलत होती. घंटा सुरू झाल्या, पुढून लॅटिन गाणं आलं. मान न वळवता सिसली म्हणाली, "एमट, तुझं नाव मी घेतलं."

"ठाऊक आहे."

"नाव नाही दिलंस तर लेकीला पकडून आणतो म्हणाले गं. अंगावर पिणारं लेकरू होतं."

पायाखालची वाट चुनखडीची होती, खडे टोचत होते. पाच पावलांवर चर्चचा कारभारी काठी घेऊन चालला होता.

मग सिसलीनं आपला तुकडा म्हटला. घंटांच्या आड, हळू, अगदी पूर्वीच्या चालीत. शेवटचा शब्द म्हणून ती थांबली.

एमटच्या घशात तिचा तुकडा आपोआप वर आला. कारभाऱ्यानं ऐकलं असतं तर खांद्यावरच्या लाकडांचा उपयोग झाला असता. तिनं एकदा काठीकडे पाहिलं.

आणि म्हणाली. सगळा तुकडा, न अडखळता.

सिसलीच्या पाठीला कसलासा हिसका बसला. हसली की खोकली, कळलं नाही. लगेच तिनं पुढचा घेतला. एमटनं त्याच्या पुढचा. मिरवणूक चर्चच्या दाराशी पोचली, सिसलीनं आणखी एक तुकडा सुरू केला आणि घंटा थांबल्या. सिसली मधल्याच शब्दावर गप्प झाली.

त्याच वर्षी नाताळाच्या आधी सिसली गेली. एमटला प्रेतामागून जायची परवानगी मिळाली नाही.

आता ती कातताना दोन्ही आवाजांत म्हणते. मिरवणुकीत ऐकलेले सिसलीचे तुकडे जरा खोकत, जरा घाईनं. दार बंद असतं, आवाज लोकरीपलीकडे जात नाही. तो अर्धवट राहिलेला तुकडा आला की ती त्याच शब्दावर थांबते. त्याच्या पुढचा तुकडा एमटचाच आहे, कुठेतरी आत आहे. चाती फिरत राहते. ती थोडा वेळ वाट पाहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.