चौकशीला आलेला माणूस

वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत स्थळाची चौकशी करायला कोणी आलं, की तो माणूस फिरून फिरून काकूंच्याच दारात येतो. काकू म्हणजे माझ्या समोरच्या घरातल्या. त्यांचं दार दिवसभर उघडं असतं, आणि कान त्याहून उघडे. मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी पोहे खायला येतात ते नंतर. त्याआधी त्यांचा एखादा मामा नाहीतर आत्याचे यजमान गुपचूप येऊन शेजारीपाजारी विचारून जातात, हा आपल्याकडचा जुना रिवाज. असा मामा ओळखण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नाही. चपला भिंतीला लावून नीट काढतो, पाणी पिताना नजर घरभर फिरवतो आणि ‘सहज आलेलो’ म्हणतो, तो चौकशीचा. असं त्या छातीठोकपणे सांगतात.

मी तेव्हा चौतिशीत होते आणि वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम पंप दुरुस्त करत होते. आई गेल्यानंतर घरात मी एकटी. भाऊ घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहायला गेलेला. त्यामुळे माझं लग्न हे सगळ्या कॉलनीचं सामायिक काम झालं होतं, पाण्याच्या टाकीसारखं.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. आमचे काही पंप एका सरकारी प्रयोगशाळेत जायचे. ते पोचवायला मी टेम्पोबरोबर कितीतरी वेळा गेलेली, पण गेटपर्यंतच. तिथे खोकं उतरवून सही घ्यायची आणि मागे फिरायचं. पंपाला आत प्रवेश, मला नाही, याचा मला मनापासून राग यायचा. माझ्या हातचं यंत्र आत काय करतं ते बघितल्याशिवाय मरायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. शेवटी तिथे जागा निघाली, मी परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि निवडले गेले. आता फक्त सुरक्षा विभागाची पडताळणी उरली होती.

ही पडताळणी कशासाठी असते, ते आम्हाला आधीच बसवून समजावलं होतं. परदेशी हेर काळा चष्मा लावून भिंतीवरून उडी मारत नाहीत म्हणे. ते मैत्री करतात, परिषदेचं आमंत्रण पाठवतात, फेसबुकवर तुमच्या फोटोंना छान म्हणतात. माझ्या फोटोंना आजवर फक्त वहिनी छान म्हणत आली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग भरायला फॉर्म दिला. परदेशात कधी गेलात का, नाही. तिथलं कोणी ओळखीचं आहे का, नाही. सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहून मी मोकळी झाले.

मग एका दुपारी साध्या कपड्यांतले एक साहेब कॉलनीत आले. पन्नाशीचे, सौम्य, हातात रेक्झिनची बॅग. आधी ते भावाच्या टॉवरमध्ये जाऊन आले होते, पण तिथे शेजाऱ्यांना भावाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मग ते इथे आले. काकूंच्या दारात चपला भिंतीला लावून नीट काढल्या, पाणी पिताना घरभर नजर फिरवली आणि समोरच्या मुलीबद्दल जरा विचारायचं होतं म्हणाले. काकूंनी त्यांना पुढे काही बोलूच दिलं नाही. आत जाऊन पोहे टाकले.

साहेब विचारत गेले आणि काकू सांगत गेल्या. मुलगी कुठे जाते-येते? अहो, सहा महिने जर्मनीला होती. भाषा कोणत्या येतात? इंग्रजी तर फाडफाड, जर्मनही येतं, आता कुठलीशी तिसरी शिकतेय. परदेशात कोणी ओळखीचं? दोन मुलांनी तिकडून लग्नासाठी विचारलं होतं, एक तर अजून फोन करतो बिचारा. राहणी कशी? साधी राहते, पण पैशाला कमी नाही, कुठून येतो देव जाणे. काही छंद? फोटो काढायचा भारी नाद, कारखाने, पूल, काही सोडत नाही. आणि रात्र रात्र दार लावून नकाशे काढत बसते. साहेबांनी पोह्यांची दुसरी बशी घेतली ती चवीमुळे की धक्क्यामुळे, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मला गेटवर बोलावलं. या वेळी गेटशेजारच्या खोलीपर्यंत प्रवेश मिळाला. साहेबांनी शांतपणे विचारलं, जर्मनीचा मुक्काम तुम्ही का लपवलात? माझ्या पायाखालची जमीनच सरकली. जर्मनीशी माझा संबंध एवढाच, की चाकणला एका जर्मन कंपनीत मी आठवडाभर ट्रेनिंगला गेले होते. मग त्यांनी तो अजून फोन करणारा बिचारा काढला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी काकूंची करणी. मी साहेबांना काकूंबद्दल, मामांबद्दल, पोह्यांबद्दल सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. माझा तरी कुठे बसला असता. ते म्हणाले, रविवारी परत येतो, तुम्हीही बसा, पण मध्ये एक शब्द बोलायचा नाही. त्यावरच तुमचं काय ते ठरेल.

रविवारी त्यांनी काकूंना ओळखपत्र दाखवलं आणि स्थळासाठी नाही, सरकारी कामासाठी आलो आहे, हे दोनदा सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. मला वाटतं, त्यांना जास्त वाईट स्थळ हातचं गेल्याचं वाटलं.

“मग इतकं खोटं का बोललात?” साहेबांनी विचारलं.

“मुलीच्या चौकशीला आलेल्या माणसाला कोणी खरं सांगतं का?” काकू म्हणाल्या.

आता खरं सांगा, नाहीतर हिची नोकरी जाईल, असं म्हटल्यावर काकू सरळ बसल्या आणि त्यांनी खरं सांगितलं. ते ऐकण्यापेक्षा जर्मनी परवडली. ही नाशिकच्या पुढे गेलेली नाही. हिला येतं ते मराठी, कामापुरतं इंग्रजी आणि रिक्षावाल्यांशी भांडण्यापुरतं हिंदी. फोटो काढते ते पंपाचे. परदेशी सोडा, देशी माणूसही हिला भेटायला येत नाही. आलेली स्थळं नाही म्हणून गेली, एकाने तर कळवलंसुद्धा नाही. सुट्टीच्या दिवशी कपडे धुते आणि झोपते. मला बोलायची बंदी होती, त्यामुळे मी जमिनीवरच्या फरशा बघत बसले. अपमान आणि निर्दोष सुटका एकाच वेळी होत होती, आणि मला दोन्ही नको वाटत होतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “काकू, अडचण वेगळीच आहे,” ते म्हणाले. “एकट्या माणसाचीच आम्हाला जास्त काळजी असते. बाहेरचे लोक नेहमी पैसे घेऊन येत नाहीत, जिव्हाळा घेऊन येतात. ज्याला कोणी विचारत नाही, तो पहिल्या गोड शब्दाला फसतो.”

“एकटी कोण?” काकूंनी विचारलं. “संध्याकाळी उशीर झाला की मी फोन करते. उचलत नाही, तरी करते. ताप आला तर हिच्या उशाशी मी असते. हिच्या घराची चावी माझ्या खिळ्यावर आहे. ही खोकली तरी मला इथे ऐकू येतं. ही एकटी कुठून?”

त्या फोनचा मला फार वैताग यायचा. रोज कोणीतरी माझी वाट बघतं, हे मला त्या दुपारी एका परक्या माणसासमोर कळलं, आणि माझे डोळे भरून आले.

साहेबांनी परत पेन उचललं आणि विचारलं, तुमचं हिच्याशी नातं काय लिहू? काकू पहिल्यांदाच अडल्या. मग बंदी मोडून मीच बोलले, घरच्या आहेत म्हणून लिहा. साहेबांनी मान हलवली. तसं लिहिलं तर यांची साक्ष धरता येणार नाही, घरच्यांची चालत नाही, शेजाऱ्यांचीच लागते.

“मग शेजारी लिहा हो,” काकू लगेच म्हणाल्या. “शेजारी तर शेजारी. पोरीला आत जाऊ दे.”

त्यांनी तसं लिहिलं आणि मला आत घेतलं. सुरक्षा विभागाच्या कागदांत माझ्याबद्दल एवढी एकच गोष्ट खोटी आहे, आणि ती साहेबांना माहीत आहे.