मागच्या दारची हवा

आईला सांगितलं नाही, गाईडना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुला सांगतेय, कदाचित तुझा चेहरा मला दिसत नाही म्हणून. समोर माणूस असला की माझी वाक्यं घशातच थांबतात. हे कारण म्हणून सांगत नाहीये. फक्त तसं आहे.

मी हवेवर काम करते. पेण ते रोहा या पट्ट्यात रात्रीची हवा कुठे जाते, हा माझ्या पीएचडीचा विषय. ऐकायला कोरडा वाटेल, पण विचार कर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. थंडीच्या रात्री डोंगरावरची गार हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येते. मग ती खाडीकडे निघून जाते, की भातशेतीच्या खोलगटात साचून राहते? साचली तर तिच्यातला धूर, धूळ, वास — सगळं तिथेच? न दिसणारी गोष्ट कुठे जाऊन बसते, हे शोधायची मला ओढ आहे. शिवाय माणसांपेक्षा हवा सोपी. ती उलट प्रश्न विचारत नाही.

या हवेचं माझं मॉडेल कॉम्प्युटरवर चालतं, पण ते खरं बोलतंय का हे बघायला गावोगावी मोजावं लागतं. म्हणून मी डब्याएवढी पांढरी यंत्रं लावत फिरले. जित्याला, निडीला एका शाळेच्या गच्चीवर, रोह्याला, आणि जोह्याला. यंत्रावर एक दिवा. हवा बरी असली की हिरवा, वाईट असली की लाल. लावायचा नियम साधा आहे: उघड्यावर, उंचावर, धुरापासून लांब.

जोह्यात एक घर मिळालं. पुढे गणपतीचा कारखाना, मागे राहायची जागा. दर्शनावहिनी कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायच्या. त्यांच्या सासूबाईंना सगळे मावशी म्हणत. यंत्राची जागा मावशींनीच ठरवली.

"पुढं नको गो, प्लॅस्टर उडतो. हितं लाव, मागच्या दाराला. हितं लाईटचा बोर्ड पण हाय."

मागच्या दाराला, छपराखाली, आंघोळीच्या पाण्याची चूल होती. हात लांब केला तर भिंतीला लागेल इतकी जवळ. मला ती दिसली होती. 'इथे धूर लागेल, दुसरीकडे लावू या' — एवढंच तर म्हणायचं होतं. पण माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मी ते मराठीत आणते, मग ते पुस्तकी वाटेल का म्हणून अडखळते. तोवर मावशींनी खिळा ठोकला होता.

"बोलत नाय गो ही," त्या सुनेला म्हणाल्या. "इंग्लिश शाळेत जीभ काढून ठेवून घेतात काय?"

दोघी हसल्या. मीही हसले. आणि म्हणाले, "चालेल."

पुढच्या फेरीत हलवू, असं मी मनात ठरवलं. खरंच ठरवलं होतं का? आता नक्की सांगता येत नाही.

मग फोनवर हवेतल्या धूर-धुळीचे आकडे यायला लागले. रोज सकाळी जोह्याचा आकडा उसळायचा, आणि उन्हं वर आली की खाली बसायचा. गाईड खूश झाल्या. माझ्या मॉडेलला हवी होती ती साचलेली हवा हीच, असं त्या म्हणाल्या. कुणीतरी माझ्या कामाकडे इतकं निरखून बघत होतं — तुला कळेल का ते कसं वाटतं? फक्त एक गोष्ट मला टोचत होती. साचलेली हवा वाऱ्याने विरते. जोह्याचा आकडा वारा असलेल्या सकाळीही उसळत होता.

म्हणून एकदा मी सकाळी लवकर गेले. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. जळणाला नारळाची सोडणं, आणि कारखान्यातला उरलासुरला काथ्या. मूर्तीला मजबुती यावी म्हणून प्लॅस्टरमध्ये घालतात तो. त्यातला रंग लागलेला, वाया गेलेला काथ्या मावशी चुलीत ढकलत होत्या. धूर छपराला लागून सरळ यंत्राकडे वळत होता. मी फोनवर आकडा बघत उभी राहिले. मावशींनी फुंकर मारली, आकडा चढला. त्यांनी लाकूड मागे ओढलं, आकडा उतरला. मला मजा वाटली — हेच तुला सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते. कोडं सुटल्याची मजा. चुलीच्या कडेला, उबेला, वहिनींची छोटी मुलगी ओवी बसली होती. खोकत होती. मी तिच्याकडे बघितलं, आणि परत फोनकडे.

चहा घेतला. यंत्र तिथेच ठेवून निघाले. त्या आकड्यांवरचा पेपर आधीच पाठवून झाला होता.

नंतरच्या फेरीत वहिनींनी मला कारखान्यात थांबवलं. हातात ब्रश तसाच.

"ताई, सकाळी तो दिवा लाल का होतो ओ? ओवीचा खोकला त्यानंच हाय काय?"

बघ, त्यांनी किती सरळ विचारलं. उत्तर मला माहीत होतं. मी म्हणाले, "थंडीत सकाळची हवा इथे साचते." हे वाक्य पुस्तकात बरोबर आहे. त्या घरात ते खोटं होतं.

"मग निडीला माझ्या आईकडं ठेवू काय तिला? तिथं पण तुमचा डबा हाय ना?"

"हो. तिथे दिवा हिरवा असतो."

हिरवा असायचाच. तो शाळेच्या गच्चीवर होता.

ओवीला निडीला नेऊन ठेवलं. तिथल्याच बालवाडीत घातलं. तिचा खोकला थांबला — थांबणारच — आणि घरात सगळ्यांना पटलं की मॅडम बोलली ते खरं. मावशींनी मला डब्यात पोह्याचे पापड दिले. मी ते घेतले. यंत्र काढून आणलं, पेपर छापून आला. जोह्याची ती सकाळ त्यात अजून आहे, शेजारी माझं नाव.

मला अजूनही कुतूहल वाटतं — स्वतःबद्दल. ती भीती नक्की कशाची होती? मराठी चुकेल याची, की बरोबर बोललं जाईल याची?

मागच्या महिन्यात पेण स्टेशनवर दर्शनावहिनी भेटल्या. सुट्टीचा दिवस होता, निडीला निघाल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत नवा फ्रॉक. मला बघून सरकून जागा केली.

"दिवाळीला आणली होती ओवीला," त्या म्हणाल्या. "आली की आजीजवळ चुलीपाशीच बसते. उठायचं नाव नाय. दुसऱ्या दिवशी परत खोकला. मग काय, नेऊन सोडली. जोह्याची हवा मानवतच नाय तिला. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं, नायतर आम्हाला काय कळलं असतं?"

पिशवीतला फ्रॉक त्यांनी पुन्हा नीट घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "आता मला आई म्हणताना लाजते."

माझं वाक्य या वेळी थेट मराठीतच तयार झालं होतं. वहिनी, खोकला चुलीचा. तीनच शब्द, एकही पुस्तकी नाही.

मी म्हणाले, "गाडी आली."