रिकामी चिमूट

पंचावन्न साली नागपूरच्या इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर सक्करदऱ्याचा एक विणकर होता. दोन वर्षं त्याने बधिर बोटांनी माग चालवला. शेवटी डॉक्टरांनी मनगट चिरून दबलेली नस मोकळी केली. उशीर झाला, बोटं आता बधिरच राहणार, असं ते इंग्रजीत बोलले. मला कळलं, त्याला नाही.

"कोष्ट्याचे डोये गेले तरी चालते गा भाऊ, बोटं पाहिजे," तो म्हणायचा.

टाके निघाल्यावर त्याने पट्टीचा एक धागा काढून मधोमध तोडला. मागावर तुटलेला धागा सांधतात तशी दोन्ही टोकं, माझ्याकडेच बघत, तो चिमटीत वळू लागला.

"सांधला पाहा गा. दुखलं बी नाही."

धागा केव्हाच चादरीवर पडला होता. मी 'हो' म्हणालो, तरी तो रिकामी चिमूट वळतच होता.