सोपानकाकांचा पाव फेरा

हिंजवडीच्या ऑफिसात दुपारी डबा उघडत होते, तेवढ्यात घरमालकीण काकूंचा फोन आला. काकू मला कधी फोन करत नाहीत, त्यामुळे डबा तसाच ठेवून उचलला. "पोरी, ह्ये गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. भातकापणी चालू होती. सोपानकाका पाणी प्यायला बांधावर बसले आणि उठलेच नाहीत. याला आता सहा आठवडे होतील...

मी मूळची परभणीची, नोकरीसाठी इकडे आलेली. हिंजवडीजवळच्या रिहे गावात सोपानकाकांच्या भाड्याच्या खोलीत चार वर्षं राहते आहे. आणि मी जन्माची भित्री. पाल, कुत्रा, साहेबाचा मेल, कशानेही माझी गाळण उडते. काका शेतकरी, पण सुतारकामात हात बसलेला. एका भाडेकरूने खोली सोडताना मोडकी गिटार टाकून दिली, ती खोलून-जोडून त्यांनी समजून घेतली. स्वतःला एक गाणं वाजवता येत नव्हतं. तरी तारा खरखरतात म्हणून पार बावधनहून पोरं गिटारी घेऊन त्यांच्या पडवीत यायची. काकांना घाई नसे. प्रत्येक तार दांड्यावरच्या एकेका धातूच्या पट्टीवर दाबून वाजवायचे आणि कान देऊन ऐकायचे. "खरखर कुटं हाय त्ये आदी घावलं पायजे. समदीकडं हात घातला की समदंच बिघडतंय." एकाच ठिकाणी खरखर असेल तर तिथली पट्टी उचललेली, सुरुवातीच्या सगळ्याच पट्ट्यांवर असेल तर दांड्याचा वाक बघायचा.

मीही थोडीफार गिटार वाजवते. यंदा श्रावणात ओल्या हवेने माझ्या गिटारीचा दांडा वाकला. तारा इतक्या वर गेल्या की दाबून बोटं सोलवटली. दांड्याच्या आत एक सळई असते, ती आवळली की दांडा सरळ होतो. काकांनी ती चावीने आवळली. लाकडातून कट्‌कन आवाज आला आणि मी किंचाळलेच!

"अगं बया! माजं गुडगं रोज वाजत्यात, मी मोडलो व्हय?" काका हसायला लागले. "पाव फेरा दिलाय, जादा न्हाई. दिवाळी झाली, हवा सुकली की आन परत. उलटा फिरवाया लागंल, न्हाईतर खरखरंल."

दिवाळीच्या आधीच काका गेले. हवा सुकली आणि गिटार पहिल्या पट्ट्यांवर खरखरायला लागली, अगदी त्यांनी सांगितलं होतं तशी. दुकानात नेता आली असती. पण त्या सळईत काकांच्या हातचा फेरा होता, आणि त्यांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तो परक्याने सोडवावा हे मला सोसेना. स्वतः करायचा धीर होईना. सळई तुटली तर? दांडा पिळला तर? दोन आठवडे मी गिटारीकडे बघायचंच टाळलं.

शेवटी गेल्या रविवारी सकाळी गिटार घेऊन पडवीत गेले आणि काकूंकडे चावी मागितली. कशाला, ते सांगितलं.

"ह्यांनी आवळलंय न्हवं? मग ऱ्हाऊ दे की," काकू एकदम म्हणाल्या. "खरखरलं तर खरखरू दे."

मी एक तार दाबून खरखर ऐकवली. मग त्यांनीच विचारलं, "तसंच ठिवलं तर?"

"वाजवता येणार नाही, काकू."

त्या आत गेल्या, चावी आणली आणि गिटार दोन्ही हातांनी धरून बसल्या, वासराला इंजेक्शन देताना धरतात तशी.

चावी बसवली. काका करायचे तसा, अगदी सावकाश, पाव फेरा उलटा दिला... लाकूड गप्प राहिलं. त्या गप्पपणाने मी जास्तच घाबरले. सळई आतल्या आत तुटली की काय! तारा पुन्हा सुरात लावल्या आणि जीव मुठीत धरून एकेक पट्टी दाबत गेले. पहिली, दुसरी, तिसरी... खरखर कुठेच नव्हती.

आनंदाने वर बघितलं तर काकू रडत होत्या. काका गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला धडकीच भरली. काय करून बसले मी!

"काकू... परत आवळू का?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"आता आवळलंस तरी त्यो तुजाच फेरा व्हईल," त्या म्हणाल्या. "वाजव."