अक्कांकडचं सिम

सिंधूअक्का फोनवर आकडे सांगण्याआधी मला विचारायच्या, "तुनी मायले मी काय म्हणू?" मी म्हणायचो, "जिजी." मीच बोलतोय हे पटलं, की खोलीतल्या सगळ्यांना, अगदी जावयालासुद्धा, बाहेर घालवून त्या दार लावून घ्यायच्या. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, असं मीच एकदा त्यांना बजावलं होतं.

अक्का आमच्या धुळ्याच्या घराशेजारच्या. मी नोकरीला मस्कतला. पण त्या घराचं भाडं येतं, म्हणून इथलं इन्कम टॅक्सचं रिटर्न दरवर्षी जुलैत भरावं लागतं. भरलं की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकल्याशिवाय काम पुरं होत नाही. रोमिंगचे पैसे वाचावेत म्हणून ते सिम मी अक्कांच्या साध्या फोनात घालून गेलो होतो. चिंगूसपणाच तो, दुसरं काय!

अक्का एकेक आकडा सावकाश वाचायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आखो म्हण." मी सगळे आकडे परत म्हणून दाखवले की मगच, "हां, आते भर. सरकारनं काम शे, भाऊ." एक आकडा चुकला तर मला विमानातून उतरल्या उतरल्या धरतील, अशी त्यांची खात्री होती.

पुढे मी बँकेत मस्कतचा नंबर जोडला आणि रिटर्नचं काम बँकेच्या साइटवरूनच व्हायला लागलं. अक्कांना हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, सुचलंच नाही.

यंदा धुळ्याला गेलो तेव्हा त्यांची सून सहज बोलून गेली, "भाऊ, पिंपळनेरची मावशी, आईंची बहीण, अंथरुणाला खिळलीय. आईंना सारखी बोलावते. पण तिच्या मळ्यात रेंज नाही ना. भाऊचा आकडा येईल म्हणत आई गेल्या जुलैतही इथेच बसल्या, अन् यंदाही."

मला मान वर करवेना.

तेवढ्यात अक्का आल्या. "यंदाबी आकडा नही वना रे?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. "येईल आता," म्हणालो आणि अंगणात जाऊन मोबाइलवरून उगाचच एक ओटीपी मागवला. आत फोन वाजला. अक्कांनी सुनेला बाहेर पाठवलं, चष्मा लावला, मला समोर बसवलं आणि एकेक आकडा वाचला. मी नुसती मान डोलावत होतो. लाजेने कानात काही शिरतच नव्हतं.

"आखो म्हण," अक्का म्हणाल्या.

मला एकही आकडा आठवेना.

अक्कांनी फोनचं झाकण नखाने उघडून सिम काढलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"मंग मी आते पिंपळनेरले जास," म्हणाल्या आणि पिशवी भरायला उठल्या.