लवू मेस्त्रींचं अर्धं पोट

माझी शाळा सहावीत सुटली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होणारच, त्या वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात. शब्दही साधेच आहेत. दुसरे मला येत नाहीत. वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी गुरुजी म्हणाले, "वासू, तू बोलत तर नाहीसच, निदान लिही तरी!" म्हणून बसलो आहे.

आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर होड्या बांधतो. माडाच्या झापांनी शाकारलेला मांगर, म्हणजे आमची शेड, आहे, त्यातच सगळं काम. तिथं किश्श्यांचं ढलप्यांसारखं असतं. लाकूड तासताना कुणी मुद्दाम ढीग करत नाही, पण संध्याकाळी बघावं तर घोट्यापर्यंत ढीग! ढलप्या मामी, म्हणजे आमच्या मेस्त्रींची बायको, चुलीसाठी नेतात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठत राहतात. त्यातले बहुतेक आमच्या लवू मेस्त्रींचे, आणि मेस्त्रींचे बहुतेक त्यांच्या पोटाचे.

यात दारू येते आणि आपल्याकडं दारूबंदी आहे, हे मला ठाऊक आहे. पण हवालदारसाहेब वाचनालयात येत नाहीत, असं गुरुजींनी खात्रीनं सांगितलं आहे.

* * *

मेस्त्री पूर्वी केवढे होते, हे आधी सांगायला हवं. तांदळाची दोन पोती एकावर एक ठेवा आणि वर टोपी घाला, तेवढे!

हे वजन आमच्या धंद्याचं हत्यार होतं. होडी तयार झाली की गुडघाभर पाण्यात न्यायची आणि मेस्त्रींनी तिच्या काठावर बसायचं. काठ पाण्याच्या वर चार बोटं राहिला, तर होडी पास. मोजपट्टी नाही, कागद नाही. गिऱ्हाईक एवढंच विचारायचं, "मेस्त्री बसले?" बसले म्हणजे गॅरंटी!

पिण्याचंही तसंच. फळ्यांच्या फटी कापूस आणि राळेनं बुजवणारा आमचा सांतान गोव्याकडून फेणी मिळवायचा. मेस्त्री एकटे बाटली संपवून करवतीला बसायचे आणि करवत रेघेवरून केसभर हलायची नाही. सांतान म्हणायचा, "ह्येंच्या पोटात वतूचा म्हणजे दर्यात वतूचा! भरती येणा नाय."

* * *

मग पोटात अल्सर झाला. मेस्त्री बोटीनं मुंबईला गेले आणि तीन महिन्यांनी ऑपरेशन करून परत आले.

त्या दिवशी मी, सांतान आणि मामी धक्क्यावर उभे होतो. बोटीवरची माणसं पडावातून उतरली. एक वाळकं, लांब मानेचं माणूस समोर येऊन उभं राहिलं. मामी त्याच्या मागं बघत राहिल्या.

"गो, मागे कोण नाय," ते माणूस म्हणालं. "मीच तो!"

मामींनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड कसं गप्प बसणार? "आणि उरलेलो खंय?"

"हॉस्पिटलात ठेवलंय. बोटीतून हाडूक जड होतो!"

* * *

डॉक्टरांनी सोबत एक कागद दिला होता. आमच्यात अक्षर लागणारा मीच, म्हणून मांगरात सगळ्यांसमोर मी तो वाचला. पोटाचा अर्ध्याहून जास्त भाग काढला आहे. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खावं. गोड बेतानं. दारूचा थेंबही घेऊ नये, थोडी घेतली तरी लगेच चढेल आणि जिवावर बेतेल.

सांतान राळेच्या भांड्यात बघत राहिला.

मेस्त्रींनी कागद घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "सरकारी हॉस्पिटलाचो डॉक्टर तो. सरकार दारूबंदी म्हणता, मगे तो दुसरा काय बोलतलो?"

* * *

पुढची होडी पाण्यात नेली. मेस्त्री काठावर बसले. काठ हललाच नाही! जणू कावळा बसला.

गिऱ्हाईक म्हणालं, "ही टेस्ट माका मान्य नाय."

मेस्त्रींना ते लागलं. घरी गेले आणि मामींचा मसाला वाटायचा दगडी पाटा उचलून आणला. तो मांडीवर घेऊन बसले, वर वरवंटा. तरी काठ दोनच बोटं दबला. शेवटी सांतान शेजारी बसला, तेव्हा जुन्या मेस्त्रींचं वजन भरलं. होडी पास झाली.

तेव्हापासून पाटा मांगरातच राहिला. मामी रोज दुपारी पेज घेऊन यायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, "माझो पाटो होडयेत, माझो घोव पाट्याखाली. मी वाटप खंय वाटू, कपाळार?"

* * *

नाताळला सांताननं आम्हाला जेवायला बोलावलं. दुपारची वेळ. मेस्त्री म्हणाले, "सणाक म्हणान दोन घोट." मला 'नको' म्हणायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. माझं नेहमीचंच.

दोन घोट घेतले आणि पाच मिनिटांत मेस्त्री रडायला लागले. उठले, झोकांड्या खात मांगरात आले. तिथं दुसऱ्या दिवशी कापायचा आंब्याचा एक मोठा ओंडका पडला होता. त्याला मिठी मारून म्हणाले, "बाबा रे, तुझ्या भावाक मीच कापलंय. माका माफ कर!" आणि कुणी त्याच्याजवळ आलं की तासायचा वाकस उगारायला लागले.

पुढं पंधरा दिवस त्या ओंडक्याला हात लावायची आमची हिंमत झाली नाही. मग कामावर आल्यावर मेस्त्रींनीच विचारलं, "ह्यो अजून हयच कसो?"

हसलो आम्ही खूप. पण त्या दिवशी मिठी सुटली ती मेस्त्री खाली पडूनच. अंग गार, घामानं भिजलेलं, आणि उलटीत रक्त. मी आणि सांताननं त्यांना खाटेवर घालून गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "या वेळी वाचले. पुन्हा घेतली तर माझ्याकडं आणूच नका."

मेस्त्री बरे झाल्यावर मामींनी मला परसात बोलावलं. हातात नारळ दिला. "वासू, तू बोलणस नाय ता माका ठावक आसा. पण दिवसभर तेंच्या बाजूक तूच असतंस. तेंका एक थेंब घेवक दिवचंस नाय. ह्या नारळावर हात ठेवन सांग."

मी हात ठेवला. सांगितलं मात्र मान हलवून.

* * *

मग कसालचा किस्सा. मी आणि मेस्त्री लाकूड बघायला कसालच्या बाजाराला गेलो होतो. दारूवर माझी नजर होती. जिलबीवर नव्हती! मी लाकडाचा भाव करत होतो, तेवढ्यात मेस्त्रींनी पाव शेर जिलबी खाल्ली.

अर्ध्या पोटाला गोडही सोसत नाही. घाम फुटला, पाय लटपटले, आणि मेस्त्री भर बाजारात एका हवालदाराच्याच अंगावर कलंडले.

"सकाळी सकाळी टाकलीस काय?" हवालदारानं दंड धरला. "तोंड उघड!"

मेस्त्रींनी तोंड उघडलं. हवालदारानं वास घेतला. पुन्हा घेतला. "जिलबी?"

"व्हय साहेब. पाव शेर."

"पाव शेर जिलबीनं माणूस झिंगतो? मला शिकवतोस?"

मेस्त्रींनी सदरा वर केला. छातीपासून बेंबीपर्यंत व्रण. "पोट अर्धा आसा, साहेब. तुमचो कायदो पुऱ्या पोटाक!"

बाजार हसला. हवालदारानं दंड सोडला आणि आम्हाला सावलीत बसवलं.

पुढच्या बाजाराला मी एकटाच गेलो होतो. तोच हवालदार मिठाईच्या दुकानासमोर उभा. इकडं तिकडं बघून दुकानदाराला हळूच विचारत होता, "त्या दिवशीची जिलबी कुठली रे?"

* * *

आता शेवटचा. हा माझ्याच्यानं नीट लिहून होईल की नाही, कोण जाणे.

ऑपरेशननंतर मेस्त्रींच्या हातात वाकस चालवायचा जोर राहिला नव्हता. म्हणून आबा तांडेलांच्या मोठ्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, मी केली. होडीचं सगळ्यात अवघड काम तेच. मेस्त्री शेजारी बसून नुसतं सांगत होते. आबांना हे कळू दिलं नव्हतं. पोराच्या हातची नाळ म्हटलं असतं तर त्यांनी होडी घेतलीच नसती.

नवी होडी पाण्यात जाण्याआधी किनाऱ्यावरच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या दगडातल्या देवाला, त्याचा मान द्यावा लागतो. कोंबडा, भाकरी, विडी, आणि करवंटीभर दारू. राखणदारावर सरकारचा कायदा चालत नाही. होडी बांधणाऱ्यानं गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालायचं, अर्धी करवंटी दगडावर ओतायची आणि उरलेली अर्धी तिथंच, सगळ्यांसमोर, स्वतः प्यायची. बांधणाऱ्याचा मान तो, दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आणि त्यानं घोट टाळला, तर त्याचा स्वतःच्या कामावर भरवसा नाही असं समजतात. त्या होडीत मग कुणी पाय ठेवत नाही.

आठवडाभर माझा डोळा लागला नाही. मी सांतानला विचारलं, "करवंटीत पाणी घातलं तर?"

"राखणदाराक फसवतलंस? जा, तूच तेका सांग."

शेवटी धीर करून मेस्त्रींनाच विचारलं. ते पटाशीला धार लावत होते. वर न बघता म्हणाले, "तीस वर्सां ज्या होडये बांधलंय, तेंच्यासाठी घोट घेतलंय. आता आबाची होडी किनाऱ्यार कुजवू? अर्धी करवंटी ती. एवढ्यान कोण मरता?"

पण पटाशी त्यांनी त्याच बाजूनं चार वेळा घासली. त्यांनाही भीती वाटत होती.

ठरलेल्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळेला सगळे जमले. आबा, त्यांचे खलाशी, अर्धी वाडी. मामी बायकांमध्ये मागं उभ्या होत्या. त्या मेस्त्रींकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

मेस्त्रींनी हात जोडले, मागून जमलेले साथ देऊ लागले. "बा राखणदारा म्हाराजा, आज ही होडी तुझ्या पायाकडे हाडली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"हेच्यात बसतल्या लेकरांका सुखरूप परत हाड, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

अर्धी करवंटी दगडावर ओतली. उरलेली त्यांनी तोंडाकडं नेली.

आणि माझ्या तोंडून आवाज आला. मोठा आला. मलाच परका वाटला.

"मेस्त्रीनू, थांबा! नाळ मी केलंय!"

आबा तांडेल माझ्याकडं वळले. "काय बोललंस?"

आता सुटलंच होतं. "आबानू, ह्या होडयेची नाळ माझ्या हातची. मी पण बांधणारो. घोट माझो."

आबा सावकाश होडीच्या पुढं गेले. नाळेवरून हात फिरवला. वरून खाली, खालून वर. मग एक डोळा मिटून रेघ बघितली. तेवढ्या वेळात मी तीनदा मेलो असेन.

"लवू," आबा म्हणाले, "खरा सांगता ह्यो?"

"खरा आसा," मेस्त्री म्हणाले.

"तरीच म्हटला, यंदाची नाळ सरळ कशी!"

हसण्याचा जो फवारा उडाला, त्यात मेस्त्रीही होते. ते पुन्हा दगडाकडं वळले आणि करवंटी दोन्ही हातांनी उंच धरली. "बा म्हाराजा, माझा अर्धा पोट मुंबयच्या डॉक्टरान कापून घेतला. ता अर्धा आता ह्या वासू झिलाच्या पोटात आसा, असा समज आणि मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

मी घेतली. जन्मात पहिल्यांदा. घशातून विस्तव गेला. करवंटी रिकामी झाल्यावर मेस्त्रींनी ती माझ्या हातातून घेतली, आत एक बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

मग होडी पाण्यात गेली. टेस्टला मेस्त्रींनी पाटा मागितला नाही, सांतानलाही बोलावलं नाही. मला हाक मारली. आम्ही दोघं काठावर शेजारी शेजारी बसलो. काठ पाण्याच्या वर बरोबर चार बोटं!

पुढचं मला आठवत नाही. सांतान सांगतो, मी दुपारपर्यंत बोलत होतो. एकच वाक्य. आबांना, खलाशांना, टोपातल्या कोंबड्यालासुद्धा: "मेस्त्रींका मी मरूक दिवचंय नाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यात घण पडत होते. मांगरात गेलो. कोपऱ्यातला पाटा खांद्यावर घेतला, वरवंटा काखेत मारला आणि मेस्त्रींच्या घरी निघालो.

मामी चुलीपाशी होत्या. पाट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काल तेंनी घेतल्यानी?"

नारळावर हात ठेवला होता. खोटं कसं बोलू?

"बोटभर," मी म्हणालो.

मामी उठून आत गेल्या. मी पाटा त्याच्या जागेवर ठेवला, वर राळेचे डाग होते ते खरवडून काढले, दोन तांबे पाणी ओतून धुतला, आणि त्या खोबरं घेऊन येईपर्यंत तिथंच बसून राहिलो.